पेंढा, कागद आणि तुरटी: गोष्टीतला फुगा खरंच उडवायचा तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. ‘अवतार: द लास्ट एअरबेंडर’ या ॲनिमेटेड मालिकेच्या जगात घडणारं फॅनफिक्शन लिहायचंय. अर्थ किंगडममधलं कागद बनवणाऱ्यांचं गाव, भोवती फायर नेशनचा वेढा आणि गावात अडकलेल्या दोन बहिणी. दोघींपैकी कुणीच बेंडर (पाणी, माती, आग किंवा हवा मनाने वळवू शकणारी व्यक्ती) नाही. गरम हवेच्या फुग्यात बसून रातोरात वेढ्याबाहेर पडायचा त्यांचा बेत आहे. फुगा केवढा, कशाचा, किती वेळात भरेल, किती लांब जाईल आणि काय काय बिघडू शकेल?

गाव कागदवाल्यांचं निवडलंत हे फार चांगलं झालं, कारण पहिला फुगा कागदवाल्यांनीच उडवला. फ्रान्समधल्या ॲनोनेच्या माँगोल्फिए घराण्याचा कागदाचा कारखाना होता. जोसेफ आणि एतिएन या भावांनी जून १७८३ मध्ये गावच्या चौकात पहिलं जाहीर प्रात्यक्षिक दाखवलं. तागाचं जाड कापड, आतून कागदाचं अस्तर, चार तुकडे आणि ते जोडायला सुमारे १,८०० बटणं. व्यास ११ मीटरच्या आसपास, वजन साधारण २२५ किलो. आत माणूस नव्हता. फुगा दहा मिनिटं हवेत राहिला आणि दोनेक किलोमीटरवर उतरला. तुमच्या बहिणींच्या घरात जे सामान असेल, तेच या भावांच्या घरात होतं.

मालिकेतल्या वॉर बलूनवरून मात्र मापं घेऊ नका. त्यात झुको हा फायरबेंडर, म्हणजे आग वळवणारा, भट्टीत हाताने आग सोडतो, म्हणजे जळण शून्य, वजन शून्य आणि आग हवी तेवढी. फायरबेंडर काढून घेतला की उरतो पेंढा, आणि गोष्ट पेंढ्यावर आली की सगळी गणितं बदलतात.

आधी उचल बघू. बाहेर १० अंश सेल्सियस तापमान असेल, तर एक घनमीटर हवेचं वजन सुमारे सव्वा किलो भरतं. तीच हवा ९० अंशांना तापवली की ते ९७० ग्रॅमवर येतं. फरक पावणेतीनशे ग्रॅमचा. एक घनमीटर गरम हवा एवढंच उचलते, आणि त्यातूनच कापडाचं, दोरांचं, शेगडीचं, जळणाचं आणि माणसांचं वजन भागवायचं असतं.

दोन सडपातळ बहिणी मिळून ११० किलो धरा. वेताचा सज्जा आणि लोखंडी शेगडी ६० किलो, पेंढा ८०, ठिणग्या विझवायला पाण्याच्या बादल्या, बोळे आणि काठ्या मिळून २०. झाले २७० किलो. फुगा १७ मीटर व्यासाचा घेतला, तर आत सुमारे २,५७० घनमीटर हवा मावते आणि बाहेर १० अंशांची थंडी धरून ७०० किलोंच्या आसपास उचल मिळते. कापड लागतं ९०० चौरस मीटरहून थोडं जास्त. पातळ सुती कापड, त्यावर पातळ कागद, शिवण आणि दोर धरून चौरस मीटरला ४०० ग्रॅममध्ये बसवलं, तर पिशवी ३६५ किलोंची होते. एकूण ६३५. सत्तरेक किलो शिल्लक. उडेल.

आता ॲनोनेसारखं जाडंभरडं कापड घ्या. तिथे चौरस मीटरला ६०० ग्रॅमच्या आसपास वजन पडलं होतं. तेवढ्याने पिशवी साडेपाचशे किलोंवर जाते आणि बहिणी जमिनीवर राहतात. हा प्रसंग गोष्टीत घालण्यासारखा आहे: वेढ्यात अडकलेल्या गावात पातळ कापड मिळेना म्हणून गोणपाट वापरायचा आग्रह कुणी तरी धरतो, आणि धाकटी तराजू पुढे ओढते.

दुसरी गोष्ट बाहेरच्या हवेची. हाच फुगा दुपारी, ३० अंशांत, फक्त ५०० किलो उचलेल. म्हणजे पहाटे उडणारा फुगा दुपारी हलणारसुद्धा नाही. लेखक मंडळी इथे हमखास चुकतात, पण गंमत म्हणजे ही मालिका चुकलेली नाही. ‘द बॉइलिंग रॉक’ या भागात सोक्का (नायकाचा मित्र) आणि झुको उकळत्या तळ्यावर पोचतात आणि फुगा खाली यायला लागतो, कारण बाहेरची हवाच आतल्याइतकी तापलेली असते. तुमच्या वाचकांना तो भाग पाठ असणार. त्यामुळे ‘पहाटेच निघायला हवं’ असं तुमची नायिका म्हणाली, तर कारण वेगळं समजावून सांगायची गरज पडणार नाही.

शिवणकाम हा सगळ्यात मोठा अडथळा, आणि कथांमध्ये तो एका ओळीत उरकतात. १७ मीटरच्या गोलाला वरपासून खालपर्यंत लांबोळक्या पाकळ्या कापाव्या लागतात. हातमागाचा पन्हा पाऊण मीटर धरला, तर अशा ७२ पाकळ्या, प्रत्येकी पावणेसत्तावीस मीटर लांब. एक पाकळी सरळ आणि शेजारची उलटी अशी कापली की वाया जाणारं कापड वाचतं, तरी तेराशे मीटर कापड लागेलच. शिवण मात्र वाचत नाही. ती १,९०० मीटरच्या वर जाते. जाड दोऱ्याची दुहेरी शिवण हाताने तासाला दोन मीटर झाली, तरी साडेनऊशे तास. दोन बहिणींनी गुपचूप माडीवर बसून करायचं हे काम नव्हे. दहा बायका रोज आठ तास बसल्या, तर बारा दिवस. त्यामुळे गुपित फुटणं तुमच्या गोष्टीत टळत नाही, अख्खा मोहल्ला सामील करावा लागेल. काम घाईने होतं याला मात्र आधार आहे. सप्टेंबर १७८३ मध्ये पॅरिसला रेव्हेयाँ या भिंतीचे कागद बनवणाऱ्या कारखानदाराच्या आवारात तयार झालेला फुगा पावसा-वादळात सापडून मातीमोल झाला, आणि आठवड्याच्या आत नवा उभा राहिला, कारण १९ तारखेला व्हर्सायला राजासमोर उड्डाण ठरलेलं होतं. ते झालं, मेंढी, बदक आणि कोंबडा यांना पिंजऱ्यात घालून. आठेक मिनिटांचं उड्डाण, तिन्ही जीव जिवंत. कोंबड्याच्या पंखाला दुखापत दिसली तेव्हा उंचीवरच्या हवेचा परिणाम म्हणून चर्चा झाली. मेंढीने आधीच लाथ मारली होती.

बटणं टाळा. दिसायला छान, पण प्रत्येक काजातून गरम हवा निसटते. शिवणीवर आतून कागदाची पट्टी खळीने किंवा सरसाने चिकटवा. कागदाचं काम हेच आहे, हवा अडवणं. कापड नुसतं ताण सोसतं.

आणि तुरटी. माँगोल्फिएंनी आणि रेव्हेयाँने कापड-कागदाला तुरटीचा लेप दिला होता. थंड पाण्यात लिटरला शंभरेक ग्रॅम विरघळते, त्यात बुडवून किंवा कुंचल्याने फासून वाळवायचं. तुरटीने कापड जळत नाही असं मात्र लिहू नका. ठिणगी पडली की भोक पडतंच, फक्त ज्योत पसरत नाही, कडा काळ्या पडून विझतात. खरा फुगा याच फरकावर जगतो, आणि रंगवण्यासारखं दृश्यही तेच आहे: वाटोळ्या काळ्या कडांची भोकं, एकामागून एक, डोक्याच्या वर.

सरस आणि खळ दोन्ही पाण्याने सुटतात. पाऊस तर दूरच, दवसुद्धा महाग पडतं. चौरस मीटरला ५० ग्रॅम दव धरलं, तरी पिशवी ४५ किलोंनी जड होते, आणि तुमच्याकडे शिल्लक होती सत्तर. म्हणून फुगा रात्रभर उघड्यावर पसरून ठेवू नका. गोदामातून शेवटच्या क्षणी बाहेर काढा, किंवा भरताना दहा मिनिटं जास्त आग द्या आणि वाफ निघताना दाखवा.

भरायची पद्धत ठरलेली होती. दोन उंच डोलकाठ्या, त्यांच्या टोकांना कप्प्या, मधल्या दोरावर फुग्याचा माथा टांगलेला. खाली लाकडी ओटा, ओट्याला मध्ये भोक, भोकाखाली आग. फुगा तोंड खाली करून त्या भोकावर धरायचा. हवा तापवायला लागणारी उष्णता हिशेबाने पंधरा-वीस किलो पेंढ्यात मिळते, पण अर्ध्याहून जास्त इकडे-तिकडे जाते, म्हणून चाळीस-पन्नास किलो जाळा. दहा-पंधरा मिनिटांत फुगा ताठ उभा राहतो. जसजसा भरतो तसतशी दोर धरणारी माणसं वाढवावी लागतात. शेवटी वीस-पंचवीस जण लागतील, आणि त्या सगळ्यांनी एकाच वेळी सोडायला हवं. एकाने दोर मनगटाला गुंडाळला असेल तर तो वर जाईल. हे खलनायकाच्या बाबतीत घडवायचा मोह होईल, पण मदत करणाऱ्या शेजाऱ्याच्या बाबतीत घडलं तर जास्त खरं वाटेल.

वारा हवाच असं नाही. उलट भरताना तो शत्रू असतो. ताशी पंधरा किलोमीटरच्या वर वारा असेल तर आजचे नायलॉनचे फुगेसुद्धा सहसा भरत नाहीत. कागदाचा फुगा त्याच्या निम्म्या वाऱ्यात फाटेल. २१ नोव्हेंबर १७८३ ला, ज्या दिवशी माणसं पहिल्यांदा मोकळी उडाली, त्याच सकाळी दोर बांधून घेतलेल्या चाचणीत वाऱ्याने फुगा फाडला होता. तो शिवून मग उड्डाण झालं. आणखी एक फसवी गोष्ट: जमिनीवर धरलेल्या फुग्यावरून वारा वाहत असतो तेव्हा माथ्यावर थोडी जास्तीची ओढ मिळते. सुटल्यावर फुगा वाऱ्याच्याच वेगाने जायला लागतो आणि ती ओढ नाहीशी होते. त्यामुळे झपकन उठलेला फुगा तटबंदीपाशी पोचता पोचता खचतो. वेढ्याच्या प्रसंगासाठी याहून चांगली अडचण शोधून सापडणार नाही.

त्या पहिल्या उड्डाणात पिलात्र द रोझिए आणि मार्की दार्लांद होते. ला म्युएत इथून निघून पॅरिसवरून २५ मिनिटांत सुमारे ९ किलोमीटर गेले आणि ब्युत-ओ-काय टेकाडावर उतरले. फुग्याच्या तोंडाभोवती वेताचा गोल सज्जा होता, तोंडाच्या मधोमध साखळ्यांनी टांगलेली लोखंडी जाळी आणि तिच्यात आग. दोघे समोरासमोरच्या बाजूंना उभे, कारण एकाच बाजूला आले तर तोल जातो. मध्ये आग आणि पिशवीचं तोंड, त्यामुळे एकमेकांचा चेहरा धड दिसत नाही. दार्लांदने लिहून ठेवलेल्या हकीकतीत पिलात्र त्याला टोकतो की तुम्ही नुसते बघत बसलाय आणि आपण वर चढत नाही आहोत. मग तो पेंढा टाकतो. पुढे त्याला कापडाला पडलेली भोकं दिसतात, दोर तुटल्याचा आवाज येतो, आणि ओल्या बोळ्याने तो ठिणग्या विझवत सुटतो. तुमच्या दोन बहिणींना हीच जागा द्या. एकमेकींकडे बघत हळुवार बोलणं या सज्ज्यात शक्य नाही. ओरडून, तुटक, आगीच्या आड उभ्या असलेल्या माणसाशी बोलावं लागतं. संवाद लिहिणाऱ्याला ही अडचण नव्हे, देणगी आहे.

जळणाचा हिशेब असा. आजचा साधारण एवढाच फुगा तासाला तीस-चाळीस किलो प्रोपेन खातो. पेंढ्यात किलोमागे त्याच्या एक तृतीयांशाहून कमी उष्णता असते आणि ती सगळी फुग्यात जात नाही. कागदी फुगा गळका असतो ते वेगळंच. तासाला दीडशे किलो पेंढा धरा. तुमच्या ८० किलोंत अर्धा तास, बेतानं वापरलं तर थोडा जास्त. पेंढ्याच्या पेंड्या एकेका किलोच्या, घट्ट बांधलेल्या हव्यात. सैल पेंढा टाकला की भडका उडतो, ज्योत तोंडाच्या वर जाते आणि जळकी काडी थेट कापडाला चिकटते. कोळसा द्यावासा वाटेल, पण तो सावकाश पेटतो, शेगडी जड लागते आणि आग पटकन वाढवता येत नाही.

माँगोल्फिए पेंढ्यात लोकर मिसळून जाळत. धुरातच उचलायची शक्ती आहे, एक खास वायू त्यातून निघतो, असं त्यांना वाटायचं. धुराशी काही संबंध नाही, हवा तापून विरळ होते एवढंच, हे जिनिव्हाच्या सोस्यूर या शास्त्रज्ञाने दाखवून दिलं. थोरलीला धूरवादी करा आणि धाकटीला उष्णतावादी. वर गेल्यावर लोकर टाकायची की नाही यावरून भांडण होईल, आणि धुराने डोळे चुरचुरत असताना ते जास्तच पेटेल.

चालवणं म्हणजे उंची बदलणं, बाकी काही नाही. आणि उंचीसुद्धा उशिरा बदलते. पेंडी टाकल्यापासून फुगा प्रतिसाद द्यायला दहा-पंधरा सेकंद सहज जातात, कारण काही टन हवेचं तापमान बदलायचं असतं. नवखी व्यक्ती पेंडी टाकते, काही होत नाही, दुसरी टाकते, तिसरी टाकते, आणि मग तिन्हींचा परिणाम एकदम येतो. तसंच उतरताना: जमीन जवळ दिसल्यावर आग वाढवली तर आपटून झाल्यावर फुगा उठतो. दिशा बदलायची असेल तर वेगळ्या उंचीवर वेगळा वारा शोधावा लागतो. वर जाताना वारा सहसा वळतो, उत्तर गोलार्धात उजवीकडे. अर्थ किंगडमच्या त्या गावाला कोणता गोलार्ध द्यायचा ते तुमच्या हातात आहे.

जवळपास प्रत्येक फॅनफिकमध्ये सापडणारी चूक म्हणजे फुग्यात केस भुरभुरणं आणि ओढणी फडफडणं. फुगा वाऱ्याबरोबरच जातो, त्यामुळे सज्ज्यात वारा जवळजवळ लागत नाही. धूर सरळ वर जातो. ज्योत हलत नाही. खालची जमीन सरकताना दिसते पण अंगाला काही कळत नाही, आणि खालचे आवाज, कुत्र्याचं भुंकणं, पहारेकऱ्याची हाक, स्पष्ट वर येतात. याउलट वारा अचानक गालाला लागला, तर फुगा वेगळ्या थरात शिरलाय असं समजायचं. अनुभवी माणूस त्यावरून सावध होतो.

आता रातोरात निघायच्या बेताबद्दल. थंडीमुळे रात्र उचलीला चांगली, पण पातळ कागदाच्या पिशवीखाली पेंढा जळत असेल तर आख्खा फुगा आतून उजळतो आणि कोसभर अंतरावरून दिसतो. फायर नेशनच्या छावणीत एकही माणूस झोपलेला राहणार नाही. सूर्योदयाच्या अर्धा तास आधी निघा. हवा अजून थंड असते, आकाश इतकं फटफटीत झालेलं असतं की उजेड उठून दिसत नाही, आणि ऊन तापून हवेचे लोट उठायला वेळ असतो. बाण लागला तर? फारसं काही होत नाही. हवेचा दाब आत-बाहेर जवळपास सारखाच, त्यामुळे फुगा फुटत नाही, छोट्या भोकातून थोडी उष्णता गळते. पेटता बाण ही वेगळी गोष्ट, आणि तुरटी तिथे पुरी पडेलच याची खात्री नाही.

माथ्यावर झाकण ठेवायचं का? मालिकेत नॉर्दर्न एअर टेंपलमधल्या मेकॅनिस्ट या संशोधकाचा फुगा वर जातो पण खाली आणता येत नाही, आणि सोक्का झाकणाची युक्ती सुचवतो. कल्पना बरोबर आहे, आजच्या फुग्यांना माथ्यावर तशी झडप असते. पण १७८३ च्या गरम हवेच्या फुग्यांचं काम त्याशिवायच भागलं, आग कमी केली की ते आपोआप उतरत. तुमच्या बहिणींनाही झाकण देऊ नका. मूळ कथेतला शोध सोक्काकडे राहील आणि उतरणं अवघड होईल, दोन्ही फायद्याचंच.

कुणी तरी हायड्रोजन सुचवेल. घनमीटरला किलोभराहून जास्त उचल मिळते हे खरं. पण ऑगस्ट १७८३ मध्ये शार्ल हा शास्त्रज्ञ आणि रोबेर बंधू यांनी पॅरिसहून सोडलेल्या पहिल्या, अवघ्या ३५ घनमीटरच्या फुग्याला सुमारे ५०० किलो लोखंड, २५० किलो गंधकाम्ल आणि भरायला चार दिवस लागले. वर रबराचा लेप दिलेलं रेशीम. वेढ्यातल्या गावात एवढं आम्ल असेल तर बहिणींनी पळून जायची गरज नाही. आणि दोन्ही एकत्र करायचा विचार असेल, तर पिलात्र द रोझिए आणि पिएर रोमँ १५ जून १७८५ ला बुलोन्यजवळ तशाच मिश्र फुग्यातून कोसळून मेले.

उतरणं. ताशी वीस किलोमीटर वेग असेल तर फुगा टेकून थांबत नाही, फरफटतो. जमिनीला लागायच्या आधी शेगडीची खीळ काढून आग खाली पाडायला हवी, नाही तर मोकळी झालेली पिशवी तिच्यावरच पडते. ब्युत-ओ-कायला दार्लांदने उडी मारली तेव्हा मागे फुगा सपाट झालेला होता आणि पिलात्र कापडाखालून बाहेर येत होता. जमलेल्या गर्दीने त्याचा कोट आठवण म्हणून फाडून वाटून घेतला. शार्लचा तो छोटा रिकामा फुगा गोनेसला उतरला तेव्हा तर गावकऱ्यांनी त्याच्या चिंध्या केल्या, आणि सरकारला लोकांसाठी जाहीर खुलासा काढावा लागला.

शेवटची सूचना बाहेर पडण्याच्या क्रमाची. १ डिसेंबर १७८३ ला शार्ल आणि धाकटा रोबेर दोन तास उडून सुखरूप उतरले. रोबेर खाली उतरला, फुगा तेवढ्या वजनाने हलका झाला आणि शार्लला एकट्याला घेऊन सुमारे तीन हजार मीटरवर गेला. मावळलेला सूर्य त्याला पुन्हा दिसला, कान असह्य दुखायला लागले, आणि तो परत कधी उडाला नाही. तो हायड्रोजनचा फुगा होता. गरम हवेचा एवढा वर जाणार नाही, पण ५५ किलोंची थोरली घाईने उडी मारून मोकळी झाली, तर धाकटी विझत्या शेगडीसह शंभर-दोनशे मीटर वर जाईल आणि थंड होत चाललेल्या पिशवीखाली परत येईल, आता आधीपेक्षा वेगाने. सज्ज्यात तेव्हा किती पेंड्या उरल्या आहेत, हे त्याआधीच्या पानावर वाचकाला मोजून दाखवलेलं असू द्या.